धुतलेले हात

छापखान्याच्या शाईचा एक गुण असा आहे कीं, ती नुसत्या पाण्यानें जात नाहीं. हातानें खिळे जुळविण्याच्या काळांत ज्यांनीं छापखान्यांत चार दिवस काढले असतील त्यांस हें सांगावयास नको. संध्याकाळीं घरीं निघण्यापूर्वीं चिंधीवर थोडें रॉकेल घ्यावें, बोटें चोळावीं, मग साबण लावावा, आणि इतकें करूनही नखांच्या कडांशीं एक काळी रेघ शिल्लक राहावी, असा तो क्रम असे. ती रेघ घेऊनच माणूस पानावर बसे. या रेघेची आठवण आम्हांस परवां अचानक झाली. आणि ती करून दिली नव्वद वर्षांहून अधिक जुन्या अशा एका अमेरिकन बोलपटानें.

बोलपटाचें नांव 'फाइव्ह स्टार फायनल'. साल १९३१, दिग्दर्शक मर्विन लरॉय. अमेरिकेंतील मोठ्या शहरांचीं सायंदैनिकें एकाच दिवसांत अनेक आवृत्त्या काढीत आणि कोणती आवृत्ति किती उशिरांची हें कळावें म्हणून तिच्यावर तारे छापीत. पांच ताऱ्यांची ती शेवटची, असा या नांवाचा अर्थ. पावसाळ्याचे दिवस, संध्याकाळची वेळ, घरांतील सर्व मंडळी जमलेली आणि चहा तयार, अशा बेतानें आम्ही तो पाहावयास बसलों. अपेक्षा अर्थातच करमणुकीची होती. वर्तमानपत्राच्या कचेरीवर बोलपट काढण्याची अमेरिकेंत एक परंपराच आहे. शिकागोचे माजी बातमीदार बेन हेक्ट आणि चार्ल्स मॅकआर्थर यांनीं १९२८ मध्यें रंगभूमीवर आणलेलें 'द फ्रंट पेज' हें नाटक तिचा मोठा आधार. त्याचा बोलपट १९३१ मध्येंच निघाला, आणि १९४० मध्यें त्यांतील बातमीदाराची स्त्री करून 'हिज गर्ल फ्रायडे' निघाला. या कथेंतील बातमीदार निर्दय आहेत; पण ते इतके हजरजबाबी आहेत कीं, त्यांचा निर्दयपणा हंसण्यावारी जातो. 'फाइव्ह स्टार फायनल'चा आरंभही तसाच गजबजाटाचा आहे. टेलिफोन जोडून देणाऱ्या मुली, यंत्रांची घरघर, पत्रें विकणाऱ्या पोरांच्या आरोळ्या, एकाचें वाक्य संपण्यापूर्वींच सुरू होणारें दुसऱ्याचें वाक्य! आम्ही पाय पसरून बसलों. अर्ध्या तासानंतर ते आपोआप आंखडले गेले.

त्या काळचें न्यूयॉर्क थोडें ध्यानांत घेतलें पाहिजे. १९१९ मध्यें तेथें 'डेली न्यूज' निघालें आणि आंखूड आकाराच्या, चित्रांनीं भरलेल्या पत्रांचें युग सुरू झालें. १९२४ मध्यें 'डेली मिरर' आणि 'ईव्हनिंग ग्राफिक' हीं दोन पत्रें त्याच वाटेनें आलीं. तिघांचीही दृष्टि एकाच वाचकाच्या खिशावर. तेव्हां कोणीं काय छापावें याला मर्यादा उरली नाहीं. १९२२ मध्यें न्यू जर्सींत एका धर्मोपदेशकाचा आणि त्याच्या देवळांत गाणाऱ्या एका विवाहित स्त्रीचा खून झाला होता. खुनी सांपडला नाहीं आणि प्रकरण थंडावलें. चार वर्षांनंतर, १९२६ मध्यें, 'डेली मिरर'नें तें पुन्हा उकरून काढलें. धर्मोपदेशकाची विधवा आणि तिचे भाऊ यांजवर खटला उभा राहिला, आणि अखेरीस तीं सर्व निर्दोष ठरलीं. तोंपर्यंत एका वृद्ध होत चाललेल्या बाईचें सारें जीवित रोज सकाळीं पैसा-दोन पैशांस विकलें गेलें होतें. १९२८ च्या जानेवारींत 'डेली न्यूज'च्या छायाचित्रकारानें घोट्याशीं लपवून नेलेल्या कॅमेऱ्यानें विजेच्या खुर्चींत मरत असलेल्या एका स्त्रीचें चित्र घेतलें, आणि तें पहिल्या पानावर झळकलें. ज्या १९३० सालच्या नाटकावरून आमचा हा बोलपट घेतला आहे त्याचा कर्ता लुई वाइट्झेनकॉर्न हा स्वतः 'ग्राफिक'च्या संपादकाच्या खुर्चींत बसलेला होता. म्हणजे हें नाटक निंदकाचें नव्हे, माहीतगाराचें आहे. आणि माहीतगाराचा कबुलीजबाब निंदकाच्या आरोपाहून नेहमींच अधिक झोंबतो.

कथा थोडक्यांत अशी. 'ईव्हनिंग गॅझेट' नांवाच्या पत्राचा संपादक रँडल यानें पत्राला जरा सभ्य वळण लावण्याचा यत्न केला, त्याबरोबर खप घसरला. मालक हिंचक्लिफ यांस उपाय सुचतो तो असा कीं, वीस वर्षांपूर्वींचें एक खुनाचें प्रकरण क्रमशः छापावें. नॅन्सी व्हुर्हीस नांवाच्या तरुणीनें आपल्याला फसविणाऱ्या प्रियकरावर गोळी झाडली होती आणि न्यायालयानें तिला सोडून दिलें होतें. ती आतां मिसेस टाउनसेंड आहे. तिचा नवरा सर्व जाणून तिच्याशीं सुखानें नांदतो आहे, आणि मुलगी जेनी हिचें लग्न उद्यांवर आलें आहे. मुलीला यांतलें अक्षरही ठाऊक नाहीं. गॅझेटचा बातमीदार आयसोपॉड हा धर्मशिक्षणाच्या शाळेंतून हांकलून दिलेला मनुष्य. तो पाद्र्याचा वेष करून त्यांच्या घरीं जातो, आणि तीं बिचारीं नवराबायको त्याला धर्मगुरु समजून आपलें अंतःकरण त्याच्यापुढें उघडें करतात. जें देवापुढें बोललें तें संध्याकाळच्या आवृत्तींत छापून येतें. नॅन्सी कचेरींत टेलिफोन करते. पडद्याचे भाग पाडून मध्यें ती आणि बाजूला कचेरींतील माणसें, असें तें दृश्य दाखविलें आहे. ती विनवते आहे आणि तिचें बोलणें ऐकून घ्यावयास कोणासही सवड नाहीं. ती विष घेते. नवरा घरीं येतो, सर्व समजतो, मुलीला व जांवयाला कांहींही कळूं न देतां हंसतमुखानें बाहेर पाठवितो, आणि दार लावून तिच्याच वाटेनें जातो.

एडवर्ड जी. रॉबिन्सन हा नट त्याच वर्षीं याच दिग्दर्शकाच्या 'लिट्ल सीझर'मध्यें गुंडांचा म्होरक्या म्हणून गाजला होता. येथें तो रँडल आहे. हातांत पिस्तुलाऐवजीं टेलिफोन आला इतकाच काय तो फरक. आयसोपॉड झाला आहे बोरिस कार्लोफ. वर्षाअखेर 'फ्रँकेन्स्टाइन'मधील राक्षस म्हणून त्याचें नांव सर्वत्र झालें, परंतु आम्हांस विचाराल तर मानेंत खिळे ठोकलेल्या त्या राक्षसाहून हा गोड बोलणारा पाद्री अधिक भयंकर आहे. बोलपटांत दोष नाहींत असें नाहीं. टाउनसेंडांच्या घरांतील प्रसंग रंगभूमीवरून तसेच उचलून आणल्यासारखे ताठ वाटतात, आणि जेनीचा आक्रोश जरुरीपेक्षां वरच्या पट्टींत लागला आहे. १९३२ मध्यें उत्कृष्ट चित्राच्या अकॅडमी पारितोषिकाकरितां त्याचें नांव पुढें आलें होतें, पण मान 'ग्रँड हॉटेल'ला मिळाला. त्याबद्दल आमची तक्रार नाहीं. 'ग्रँड हॉटेल' पाहून मनुष्य सुखानें झोंपूं शकतो, हाही एक गुणच आहे.

परंतु या बोलपटांत एक गोष्ट अशी आहे कीं, ती आम्हांस अजून सोडीत नाहीं. रँडल वारंवार हात धुतो. मालकाशीं बोलून आला कीं हात धुतो, नवा बेत ठरला कीं हात धुतो. साबण लावतो, चोळतो, पुसतो आणि पुन्हा तेंच काम करावयास जातो. पाहणाऱ्या पाश्चात्य मनुष्यास येथें बायबलांतील पिलाताची आठवण होणार हें उघड आहे. या रक्ताविषयीं मी निर्दोष आहें, असें सांगत त्यानें लोकांसमक्ष हात धुतले होते. पण आमच्या मनांत आपली मराठी भाषा आली. आपल्या भाषेंत हात धुण्याला निर्दोषपणाचा अर्थ कधींच चिकटला नाहीं. 'वाहत्या गंगेंत हात धुऊन घेणें' म्हणजे आयत्या आलेल्या संधीचा लाभ उपटणें. आणि 'हात धुऊन पाठीस लागणें' म्हणजे एखाद्याचा पिच्छा पुरविणें. गॅझेटचा मालक पहिल्या अर्थानें हात धुतो, बातमीदार दुसऱ्या अर्थानें धुतात, आणि रँडल बिचारा त्या दोन्ही अर्थांच्या मध्यें साबण घेऊन उभा राहतो. ज्यानें कोणीं हे वाक्प्रचार प्रथम बोलून दाखविले त्यास मनुष्यस्वभाव पुरता कळला असला पाहिजे. हात धुण्याची घाई ज्याला झालेली असते तो बहुधा निष्पाप नसतो.

मुलगी शेवटीं पिस्तूल घेऊन कचेरींत येते आणि एकच प्रश्न विचारते : माझ्या आईला तुम्हीं कां मारलें? या प्रश्नाची खुबी अशी कीं, खोलींत इतकीं माणसें असून त्याला सरळ उत्तर कोणाजवळच नाहीं. बातमीदार म्हणेल, मला पाठविलें म्हणून गेलों. संपादक म्हणेल, मालकाची आज्ञा होती. मालक म्हणेल, लोकांना असेंच हवें असतें, मी काय करूं? आणि लोकांना विचाराल तर ते म्हणतील, छापलें होतें म्हणून वाचलें. खून तर झाला आहे, एक नव्हे दोन. आणि प्रत्येकाच्या वांट्याला त्याचा इतका लहान अंश येतो कीं, त्यासाठीं कोणाचीही झोंप मोडूं नये. या सर्वांत रँडल एकटा तोंड उघडतो. खपासाठीं मारलें, अशी तो कबुली देतो. मग मालकाला सुनवावयाचें तें सुनावतो, टेलिफोन उचलून कांचेच्या दारावर भिरकावतो आणि नोकरी सोडून चालता होतो. पाहणाऱ्यास बरें वाटतें. पण कांच फुटल्यानें मेलेलीं माणसें उठत नाहींत, आणि दुसऱ्या दिवशीं त्या खुर्चींत दुसरा कोणी बसेल हें मालकाइतकेंच आपणांसही ठाऊक असतें.

येथें आम्हांस आमच्याच एका शब्दाविषयीं बोलणें प्राप्त आहे. तो शब्द म्हणजे 'आम्ही'. वर्तमानपत्रांत लिहिणारा मनुष्य एकटा असला तरी 'आम्ही' म्हणून लिहितो, आणि तीच संवय या लेखासही जडलेली वाचकांनीं पाहिलीच असेल. या 'आम्ही'चे अर्थ दोन होऊं शकतात. एक असा कीं, माझ्या लहानशा मतापाठीमागें कांहीं मोठें तत्त्व उभें आहे आणि त्याची जबाबदारी मी शिरावर घेतों. दुसरा असा कीं, येथें कोणी एक मनुष्य नाहींच. तुम्हांस पकडावयाचें असेल तर हवा पकडा. महाराष्ट्रानें पहिला अर्थ पाहिलेला आहे. १८८२ मध्यें कोल्हापूरच्या कारभाऱ्यांविरुद्ध 'केसरी' व 'मराठा' या पत्रांनीं जो मजकूर छापला त्याचा आधार असलेलीं पत्रें खरीं ठरलीं नाहींत. आगरकर आणि टिळक यांनीं माफी मागितली, चार महिन्यांची शिक्षा घेतली आणि डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढले. आगरकरांनीं पुढें त्या दिवसांचा जो वृत्तांत लिहिला त्याच्या नांवांतही 'आमचे' असाच शब्द आहे. चूक झाली नाहीं असें नाहीं, चूक झालीच. पण त्या 'आम्ही'च्या मागें दोन माणसें उभीं होतीं, त्यांस नांवें होतीं, आणि तीं चालत तुरुंगांत गेलीं. गॅझेटच्या कचेरींतील 'आम्ही' दुसऱ्या जातीचा आहे. आणि त्या जातीशीं आमचा स्वतःचाही एकदां परिचय झाला होता.

त्या गोष्टीला पन्नास वर्षें होत आलीं. एका जिल्ह्याच्या गांवीं निघणाऱ्या एका लहान पत्रांत आम्ही उपसंपादक होतों. वय बाविशीचें, पगार नांवाला आणि अक्कल वयाच्या मानानें. एके सायंकाळीं तालुक्याच्या बातमीदाराकडून चार ओळींचें टिपण आलें. एका शिक्षकांची मुलगी दोन दिवस घरीं आली नव्हती, इतकाच त्यांतील मजकूर. फर्मा बांधावयाचा होता, पहिल्या पानाच्या तळाशीं जागा रिकामी होती, आणि टिपण अळणी वाटत होतें. आम्हीं त्यावर मथळा दिला : 'शिक्षकाच्या मुलीचें गूढ पलायन'. 'गूढ' हा शब्द टिपणांत नव्हता, 'पलायन' हाही नव्हता. जागा मात्र अगदीं बेताची भरली, आणि त्याचें आम्हांस समाधान वाटल्याचें स्पष्ट आठवतें.

मुलगी मावशीच्या आजारपणासाठीं मावशीकडे गेली होती. तिनें घरीं टाकलेलें पत्र उशिरां पोंचलें. चौथ्या दिवशीं आम्हीं दोन ओळींचा खुलासा दिला, शेवटच्या पानावर, जाहिरातींच्या खालीं. पांचव्या दिवशीं ते शिक्षक कचेरींत आले. धोतर, टोपी, हातांत मिटलेली छत्री. ते ओरडले नाहींत. त्यांनीं पिशवींतून अंक काढला, टेबलावर उलगडला, मथळ्याखालीं बोट ठेवलें आणि विचारलें, "हें 'पलायन' कोणीं लिहिलें?"

आम्हीं म्हटलें, "गुरुजी, बातमी बाहेरून आली होती."

ते कांहीं वेळ मथळ्याकडे पाहत राहिले. मग अंकाची घडी घालतां घालतां म्हणाले, "शुद्धलेखन मात्र बिनचूक आहे हो आपलें." आणि निघून गेले.

त्या मुलीचें ठरलेलें लग्न पुढें मोडलें असें आमच्या कानांवर आलें. तें याच कारणानें मोडलें कीं अन्य कांहीं कारणानें, याची चौकशी आम्हीं केली नाहीं. करावीशी वाटली नाहीं असें लिहिणार होतों. पण खरें सांगावयाचें तर करण्याचें धैर्य झालें नाहीं. बातमीचा पाठपुरावा करणें हा ज्या धंद्याचा पहिला नियम, त्या धंद्यांत बसून ही एक बातमी आम्हीं आजवर अपुरी ठेविली आहे. खेरीज मथळा आम्हीं लिहिला, पान संपादकांनीं पाहिलें, छापलें यंत्रानें आणि चघळलें गांवानें, असा हिशेब मांडतां येत होताच. तो आम्हीं त्या रात्रीं मांडलाही, आणि आमच्या वांट्याला फार थोडें आलें.

परवां हा बोलपट पाहतांना आणखी एक गोष्ट घडली. आयसोपॉड पाद्र्याच्या वेषांत टाउनसेंडांच्या घरीं पाऊल ठेवतो त्याच वेळीं आमच्या घरांतून चहा आणण्यासाठीं उठूं लागल्या आणि म्हणाल्या, "जरा थांबवा तें, मी आल्यें." आम्ही म्हणालों, "थांबवूं नका, पुढें काय होतें तें पाहूं द्या!" त्या म्हणाल्या, "होणार काय? त्या बाईचे धिंडवडे." उत्तर बरोबर होतें. तिचे धिंडवडे निघतांना पाहण्यासाठींच आमचा जीव वरखालीं होत होता. बोलपट आम्हांस गॅझेटचा धिक्कार करावयास शिकवीत होता, आणि तें शिकतांना आम्ही गॅझेटच्या वाचकांसारखेच पुढल्या आवृत्तीची वाट पाहत होतों. मालक म्हणतो कीं लोकांना हेंच हवें असतें, तेव्हां तो नीच असेल, पण खोटें बोलत नसतो.

हीच कथा १९३६ मध्यें 'टू अगेन्स्ट द वर्ल्ड' या नांवानें पुन्हा चित्रित झाली. त्यांत वर्तमानपत्राच्या जागीं रेडिओचें केंद्र आलें आणि रॉबिन्सनच्या जागीं हंफ्री बोगार्ट. पांच वर्षांत यंत्र बदललें. मनुष्याच्या बाबतींत मात्र कांहीं बदलावें लागलें नाहीं. आज तर तें यंत्र प्रत्येकाच्या खिशांत आहे. परक्या घरांतील दुःखाचें चित्र दुपारीं येतें आणि चहाच्या वेळेपूर्वीं आपल्याच बोटानें दहा घरीं जातें. कोणीं हटकलें तर उत्तर तयार असतें, "आलें तसें पुढें पाठविलें." हें वाक्य ऐकलें कीं आम्हांस छत्री घेतलेले ते गुरुजी दिसतात, कारण तें आमचेंच जुनें वाक्य आहे, केवळ त्याची आवृत्ति नवी आहे. पूर्वीं या पापाला निदान छापखाना लागत असे, फर्मा बांधावा लागे, आणि बोटांना शाई लागे. आतांच्या कांचेवर बोट फिरवून शाईही लागत नाहीं. त्यामुळें हात धुण्याचें स्मरण होण्याचेंही कारण उरलें नाहीं.

बोलपटाच्या शेवटीं रस्त्याच्या कडेच्या गटारांत गॅझेटचा एक अंक पडलेला दिसतो आणि त्यावर चिखल उडतो. दिग्दर्शकाला सांगावयाचें असावें कीं, अशा पत्राची जागा हीच. आम्हांस मात्र दुसराच विचार आला. तो अंक गटारांत गेला तो वाचून झाल्यानंतर. कोणीतरी त्यासाठीं पैसे मोजले होते, तो गाडींत वाचला होता, शेजाऱ्याला दाखविला होता, आणि मग टाकून देऊन आपल्या स्वच्छ घरीं जाऊन हात धुऊन जेवावयास बसला होता.

त्या दिवशीं कचेरींत आम्हांस विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर दोन शब्दांचें होतें. "मीं लिहिलें." त्यानें लग्न जुळलें नसतें कीं गांवाचें तोंड बंद झालें नसतें. पण मुलीचा बाप हवेशीं न बोलतां एका माणसाशीं बोलून परत गेला असता. हे दोन शब्द उच्चारावयास आम्हांस पन्नास वर्षें लागलीं, आणि ते ऐकावयास हवे होते ते गुरुजी तर आतां राहिले नाहींत.